एकच नेट्रिन एका चेतातंतूला ओढते आणि दुसऱ्याला दूर सारते, हे कसे?

मेघना

नमस्कार. भ्रूणाच्या वाढीत चेतातंतू आपापल्या मुक्कामी कसे पोहोचतात, यावरचे एक प्रकरण मी सध्या अभ्यासत आहे आणि त्यात एका जागी अडले आहे. प्रकरणाची मांडणी साधारण अशी आहे: चेतापेशीच्या देहातून अक्षतंतू बाहेर पडतो, वाटेवरच्या पेशी काही प्रथिने स्रवतात, त्यांतली काही आकर्षक असतात आणि काही प्रतिकर्षक, आणि तंतू पहिल्या प्रकाराकडे वळत व दुसऱ्याला टाळत पुढे सरकतो. येथवर काही अडचण नव्हती. मात्र चार पानांनंतर, ज्या नेट्रिनला 'आकर्षक' म्हणून ओळख करून दिली होती, तेच नेट्रिन डोळ्याचा एक स्नायू हलवणाऱ्या चौथ्या मस्तिष्क-चेतेच्या तंतूंना दूर ढकलते, असे एका वाक्यात सांगून लेखक पुढच्या विषयाकडे वळले आहेत.

माझी पहिली शंका हीच आहे की रेणू तोच, त्याची घडण तीच, तर परिणाम उलटा कसा होतो.

दुसरी शंका मध्यरेषेसंबंधी आहे. मेरुरज्जूच्या पाठीकडच्या भागातील काही चेतापेशींचे तंतू पोटाकडच्या मध्यरेषेकडे खेचले जातात, ती ओलांडतात आणि दुसऱ्या बाजूला जाऊन मेंदूच्या दिशेने वर वळतात. मध्यरेषेवरच आकर्षण सर्वाधिक असेल, तर तंतू तेथेच अडकून का राहत नाही? आणि एकदा पलीकडे गेल्यावर पुन्हा मागे का ओढला जात नाही? उताराच्या तळाशी पोहोचलेला चेंडू आपण होऊन पलीकडचा चढ चढत नाही, म्हणून हे मला पटत नाही.

या सगळ्या निर्णयांचे केंद्र कोठे आहे, हेही जाणून घ्यायला आवडेल. तंतूचे टोक पेशीदेहापासून पुष्कळ दूर गेलेले असते. तेथे प्रत्येक वळणाचा हुकूम केंद्रकाकडून येतो, असे समजावे का?

श्रीधर

आपल्या पहिल्या शंकेचे मूळ 'आकर्षक रेणू' या शब्दप्रयोगातच आहे. सोयीसाठी तो सगळेच वापरतात, मीही वर्गात वापरतो, पण तो दिशाभूल करणारा आहे. आकर्षण हा नेट्रिनचा अंगभूत गुण नव्हे. नेट्रिन केवळ 'मी येथे आहे' एवढेच कळवते. त्याचा अर्थ काय लावायचा, हे तंतूच्या टोकाशी कोणते ग्राही (बाहेरचा संदेश-रेणू धरणारी पेशीपटलावरची प्रथिने) आहेत आणि त्या क्षणी त्या टोकाच्या आतली रासायनिक स्थिती काय आहे, यावर ठरते.

आधी या टोकाविषयी थोडे सांगतो, कारण सगळे घडते ते तेथेच. सांतियागो रामोन इ काहाल यांनी 1890मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या मेरुरज्जूचे रंगवलेले काप पाहताना तंतूच्या शेवटी एक पसरट, काटेरी फुगवटा टिपला आणि त्याला वृद्धिशंकू असे नाव दिले. त्यांच्यासमोर होते ते मृत, स्थिर ऊतक. तरीही हा फुगवटा वाट चाचपत पुढे जाणारा असावा आणि पेशींनी सोडलेली रसायने त्याला दिशा देत असावीत, असा तर्क त्यांनी केला. जिवंत तंतू वाढताना प्रत्यक्ष दिसायला 1907 उजाडावे लागले. त्या वर्षी रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील चेतानलिकेचा तुकडा लसिकेच्या थेंबात लटकत ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातून तंतू बाहेर पडताना पाहिले. चेतातंतू हा अनेक पेशींच्या साखळीतून जुळून तयार होतो, असे मानणारा एक मोठा पक्ष तेव्हा होता; या एका थेंबाने त्याचा आधार काढून घेतला. पेशींना शरीराबाहेर वाढवण्याच्या तंत्राचा आरंभही पुष्कळदा याच प्रयोगापासून सांगितला जातो.

वृद्धिशंकूच्या कडेने बोटांसारखी बारीक प्रवर्धने, म्हणजे फिलोपोडिया, सतत बाहेर येत आणि आत जात असतात. त्यांच्या आत ॲक्टिन या प्रथिनाचे धागे असतात. हे धागे पुढच्या टोकाला जोडले जातात, मायोसिन हे आकुंचन घडवणारे प्रथिन त्यांना मागे खेचत राहते आणि मागच्या बाजूला ते सुटे होतात. म्हणजे वृद्धिशंकू जागच्या जागी असतानाही आतले ॲक्टिन सरकत्या पट्ट्यासारखे मागे वाहत असते. पटलावरचे ग्राही बाहेरच्या आधाराला धरून आतल्या ॲक्टिनशी जोडले गेले की पट्ट्याची ओढ जमिनीला लागते आणि टोक पुढे जाते. मोटारीच्या क्लचशी या जोडणीची तुलना करतात आणि ती बरीच नेमकी आहे. मागून सूक्ष्मनलिका, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातील बारीक नळ्या, त्या बाजूला शिरतात आणि नवी दिशा पक्की होते. वळणे म्हणजे शंकूच्या एका बाजूला ही जोडणी बळकट होणे आणि दुसऱ्या बाजूला ढिली पडणे. बाहेरच्या संदेशाने आत नेमके एवढेच घडवायचे असते, आणि ते काम मुख्यतः तीन लहान प्रथिनांच्या हाती असते: आरएसी आणि सीडीसी42 ही दोन ॲक्टिनची बांधणी पुढे ढकलतात, तर आरएचओ हे मायोसिनचे आकुंचन वाढवून टोक मिटवते. हे वर्णन ढोबळ आहे, पण वाट समजायला पुरेसे आहे.

आता नेट्रिनकडे येऊ. त्याचे दोन प्रमुख ग्राही आहेत, डीसीसी आणि यूएनसी5. तंतूवर केवळ डीसीसी असेल, तर नेट्रिनच्या बाजूला शंकू फुलतो. डीसीसीच्या जोडीला यूएनसी5 असेल, तर दोन्ही ग्राहींचे पेशीच्या आतले भाग एकमेकांना बिलगतात आणि तोच संदेश मिटण्याचा ठरतो. झेनोपस जातीच्या बेडकाच्या मेरुरज्जूतील चेतापेशी एरवी नेट्रिनकडे वळतात. त्यांत यूएनसी5 कृत्रिमरीत्या घातल्यावर त्या पाठ फिरवू लागल्या. आपण उल्लेखलेल्या चौथ्या चेतेला नेट्रिन दूर सारते, हे 1995मध्ये दाखवले गेले, आणि या उलट प्रतिसादाचा उलगडा ग्राहींच्या अशा फरकाने होतो.

एवढ्याने आपली शंका फिटली असे वाटेल, पण मला त्याहून अधिक मोलाचा वाटतो तो 1997चा प्रयोग, कारण त्यात ग्राही बदललेलेच नव्हते. मू-मिंग पू यांच्या प्रयोगशाळेत झेनोपसच्या वृद्धिशंकूपासून थोड्या अंतरावर, त्याच्या वाढीच्या दिशेशी कोन करून, एक बारीक काचनळी ठेवून तीतून नेट्रिन सोडले जात असे. नेहमीच्या स्थितीत तंतू तासाभरात नळीकडे वळे. चक्रीय एएमपी या पेशीच्या आत निरोप पोहोचवणाऱ्या छोट्या रेणूचा मार्ग औषधाने दाबला, की त्याच पेशीचा तंतू त्याच नेट्रिनपासून दूर वळू लागे. पुढच्या वर्षी याच गटाने सेमाफोरिनच्या बाबतीत उलटी बाजू दाखवली: एरवी प्रतिकर्षक असलेला हा रेणू, चक्रीय जीएमपी या तशाच दुसऱ्या रेणूची पातळी वाढवताच, आकर्षक ठरला. कॅल्शियमचेही असेच आहे. शंकूच्या एका बाजूला कॅल्शियमची पातळी भरपूर वाढली तर तंतू त्या बाजूला वळतो. थोडीशीच वाढली तर विरुद्ध बाजूला. दोन्ही वेळा वाढलेले आहे ते कॅल्शियमच. पण कमी पातळीला एक एन्झाइम आधी जागे होते आणि अधिक पातळीला दुसरे वरचढ ठरते.

भ्रूणात या अंतर्गत पातळ्या कोण बदलते, हा पुढचा साहजिक प्रश्न. याचे एक सुरेख उत्तर दृष्टिपटलात मिळाले. दृष्टिपटलाच्या आतल्या पृष्ठभागावर लॅमिनिन नावाचे प्रथिन पसरलेले असते, आणि चेता डोळ्याबाहेर पडते त्या छिद्राशी नेट्रिन असते. 1999मध्ये असे दिसले की लॅमिनिनच्या संपर्कात असलेल्या शंकूत चक्रीय एएमपी कमी होते आणि त्यामुळे नेट्रिन त्याला दूर सारू लागते. छिद्राशी लॅमिनिन आणि नेट्रिन दोन्ही एकत्र असतात ते पृष्ठभागावर. त्याखाली लॅमिनिन नसलेला थर असतो. त्यामुळे तंतू पृष्ठभाग सोडून खाली बुडी मारतो आणि छिद्रातून बाहेर पडतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. पायाखालची जमीन कोणती आहे, यावरून समोरच्या खुणेचा अर्थ बदलतो.

जाता जाता नावाविषयी. नेट्रिन हे नाव संस्कृतातील 'नेतृ' या शब्दावरून ठेवले आहे. आपल्या 'नेता', 'नेत्र' आणि 'नेणे' यांच्या मुळाशी असलेला 'नी' हा धातूच येथेही आहे. 1994मध्ये मार्क टेसिए-लविन यांच्या गटाने कोंबडीच्या भ्रूणांचे हजारो मेंदू वापरून ते वेगळे केले. मी वर जे सांगितले ते पाहता 'नेणारा' हे नाव त्याला जरा जास्तच मान देणारे आहे.

अनघा

श्रीधर यांनी पहिल्या शंकेचे उत्तर दिलेच आहे. मी मध्यरेषेविषयी लिहिते, कारण माझे काम चेतारोगांच्या रुग्णांशी आहे आणि हा विषय मला फळमाशीकडून नव्हे, रुग्णांकडून शिकावा लागला. उत्तर मात्र फळमाशीतूनच समजते.

1993मध्ये कोरी गुडमन यांच्या प्रयोगशाळेने मध्यरेषा ओलांडण्यात गडबड झालेल्या फळमाश्या मोठ्या प्रमाणावर शोधल्या. त्यांत दोन परस्परविरुद्ध चित्रे दिसली. एका उत्परिवर्तनात एकही तंतू मध्यरेषा ओलांडत नव्हता. दोन्ही बाजूंना जोडणारे आडवे पूलच नव्हते, म्हणून त्या जनुकाचे नाव 'कमिशरलेस' पडले. दुसऱ्यात तंतू मध्यरेषा ओलांडत, परत येत, पुन्हा ओलांडत आणि गोलगोल फिरत राहत. त्याला रस्त्यावरच्या वाहतूक-वर्तुळावरून 'राउंडअबाउट' हे नाव मिळाले आणि आता सगळे त्याला रोबो म्हणतात. रोबो हा ग्राही आहे आणि तो ज्याला बांधला जातो ते स्लिट हे प्रथिन मध्यरेषेवरच्या पेशी स्रवतात, हे 1999मध्ये स्पष्ट झाले. स्लिट दूर सारते. म्हणजे मध्यरेषा एकाच वेळी ओढणारे नेट्रिनही सोडते आणि ढकलणारे स्लिटही सोडते.

आता आपला चेंडू घ्या. मध्यरेषेकडे जाणाऱ्या तंतूत कमिशरलेस हे प्रथिन असते. नव्याने तयार होणाऱ्या रोबोला ते पटलापर्यंत पोहोचूच देत नाही, मधूनच पेशीच्या विघटन-पिशव्यांकडे वळवते. त्यामुळे या तंतूला स्लिट जवळजवळ जाणवत नाही आणि तो नेट्रिनच्या ओढीने पुढे येतो. ओलांडून होताच कमिशरलेस बंद होते, रोबो पटलावर चढतो आणि इतका वेळ न जाणवलेले स्लिट आता तंतूला मध्यरेषेपासून दूर लोटते. शिवाय स्लिट बांधलेला रोबो डीसीसीला आतून धरून नेट्रिनचा संदेश गप्प करतो, असे 2001मध्ये झेनोपसच्या चेतापेशींत दिसले. उतार तोच राहिला आहे; बदलला आहे तो चेंडू.

सस्तन प्राण्यांत कमिशरलेस नाही. तेथे अशीच भूमिका रोबो3 हा रोबोचाच भाऊबंद वेगळ्या रीतीने पार पाडतो. तो बिघडला, तर मध्यरेषा ओलांडायला हवी असलेले तंतू आपल्याच बाजूला राहतात, आणि येथे मी माझ्या क्षेत्रात येते. 2004मध्ये एका दुर्मीळ आनुवंशिक विकाराचे कारण रोबो3 जनुकातील बिघाड असल्याचे कळले. या व्यक्तींना दोन्ही डोळे आडव्या दिशेने वळवता येत नाहीत, वर-खाली मात्र वळवता येतात, आणि बालपणापासून त्यांचा पाठीचा कणा वाकत जातो. मेंदूकडून हातापायांकडे जाणारे आणि हातापायांकडून मेंदूकडे येणारे मोठे तंतुमार्ग एरवी मेंदूच्या देठात बाजू बदलतात. या व्यक्तींत ते बदलत नाहीत. आश्चर्य याचे वाटते की हातापायांच्या हालचाली आणि स्पर्शज्ञान पुष्कळसे ठीक असते. उजव्या मेंदूने उजवा हात चालवला तरी माणसाचे चालून जाते, डोळ्यांच्या आडव्या हालचालीचे मात्र चालत नाही, कारण तीत दोन्ही बाजूंच्या केंद्रांना मध्यरेषेपलीकडे क्षणोक्षणी बोलावे लागते.

डीसीसीचेही मानवी उदाहरण आहे. या जनुकाची एक प्रत बिघडलेल्या काही व्यक्तींना आरसा-हालचाली होतात: उजव्या हाताने बटण लावायला गेले की डावा हातही नकळत तेच करू लागतो. हे 2010मध्ये प्रकाशित झाले. एक प्रत शाबूत असूनही हे घडते, यावरून ग्राहीचे प्रमाण किती काटेकोर असावे लागते ते कळते. हा बिघाड असलेल्या प्रत्येकाला लक्षणे दिसतातच असे नाही, हेही येथे नोंदवते, नाहीतर जनुक म्हणजे नशीब असा समज व्हायचा.

सूक्ष्मदर्शी

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरली गेली आहे आणि तिला माझा आक्षेप आहे. मध्यरेषेवरून नेट्रिन पाझरते, अंतरागणिक विरळ होत जाते आणि तंतू त्या प्रवणतेवरून दिशा ओळखतो, हे चित्र वीस वर्षे प्रत्येक पुस्तकात छापले गेले. काचनळीच्या प्रयोगात प्रवणता असते, कारण ती आपणच निर्माण केलेली असते. भ्रूणात ती तशीच आहे आणि तंतू तीच वाचतो, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागेल.

2017मध्ये दोन गटांनी उंदराच्या भ्रूणातून केवळ मध्यरेषेवरच्या पेशींचे नेट्रिन काढून टाकले. प्रचलित चित्र खरे असते, तर पश्चमस्तिष्कात, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागात, तंतूंची दैना व्हायला हवी होती. ते मात्र बव्हंशी नीट ओलांडून गेले. उलट, चेतानलिकेच्या आतल्या अस्तरातील पूर्वज-पेशींचे नेट्रिन काढल्यावर गोंधळ उडाला. या पेशींचे लांब पाय चेतानलिकेच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचलेले असतात आणि नेट्रिन तेथे थरासारखे जमते. तंतू त्या थराला धरून चालतो. हे दुरून येणाऱ्या वासामागे जाण्यापेक्षा भिंतीला हात लावून चालण्यासारखे आहे. फळमाशीत तर 2006मध्येच दिसले होते की नेट्रिनला पेशीपटलाशी बांधून टाकले, त्याचे पाझरणे पूर्ण बंद केले, तरीही तंतू मध्यरेषा ओलांडतात.

हे श्रीधर यांनी सांगितलेल्या क्लचशी चांगले जुळते. जो रेणू पृष्ठभागाला चिकटलेला आहे, त्याला धरून ओढता येते. जो द्रवात मोकळा तरंगतो आहे, त्याला धरून ओढणार कसे?

या निमित्ताने आणखी एक गोष्ट. संदेश म्हटले की आपण रसायनच डोळ्यांसमोर आणतो. 2016मध्ये झेनोपसच्या भ्रूणात असे दिसले की दृष्टिपटलाचे तंतू मेंदूत ज्या जागी वळतात, तेथे ऊतकाच्या कडकपणात फरक असतो आणि ते मऊ बाजूकडे झुकतात. पीझो1 ही ताण ओळखणारी वाहिनी बंद केली की वाट चुकते. पेशी-संदेशवहनाच्या आकृतीत बाण काढताना 'कडकपणा' या शब्दापासूनही एक बाण काढायला हवा.

मेघना

तिघांचेही मनापासून आभार. 'उतार तोच राहिला आहे. बदलला आहे तो चेंडू' या वाक्याने माझा गुंता बराच सुटला. सूक्ष्मदर्शी यांचा आक्षेप वाचून एवढे कळले की मी जे पाठ केले होते, त्यातले काही अजून वादात आहे.

केंद्रकाविषयीची शंका मात्र राहिली आहे. कमिशरलेस बंद करायचे, रोबो वर चढवायचा, हे जनुकांच्या पातळीवरचे निर्णय वाटतात. मग टोक स्वतंत्र म्हणावे की परावलंबी? शिवाय आता आणखी एक प्रश्न पडला. मानवी मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी आहेत आणि प्रथिनांची जनुके केवळ 20,000च्या आसपास. प्रत्येक जोडणीला वेगळी खूण देणे अशक्यच आहे. मग इतका नेमकेपणा येतो कोठून?

रेवती

मी वृद्धिशंकूंवर काही वर्षे प्रयोग केले आहेत, म्हणून या दोन शंकांवर लिहिण्याचे धाडस करते.

टोकाचे स्वातंत्र्य आपण समजता त्याहून बरेच जास्त आहे. 1987मध्ये झेनोपसच्या भ्रूणात दृष्टिपटलाचे तंतू मेंदूच्या वाटेवर असताना त्यांना त्यांच्या पेशीदेहांपासून तोडले गेले. तुटलेले तंतू त्यानंतरही काही काळ वाढत राहिले आणि योग्य दिशेनेच वाढले. तोडलेला शंकू काचेवर नेट्रिनकडे वळताना मी स्वतः पाहिला आहे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा आपण नीट तोडलाच नसावा, असे वाटून मी पुन्हा तपासले होते.

हे शक्य होते याचे एक मोठे कारण म्हणजे शंकूत प्रथिने बनवणारे रायबोसोम आणि त्यांना कृती पुरवणारे निवडक आरएनए आधीच आणून ठेवलेले असतात. क्रिस्टीन होल्ट यांच्या गटाने 2001मध्ये दाखवले की पेशीदेहापासून सुट्या केलेल्या शंकूतही नेट्रिन लागताच काही मिनिटांत नवी प्रथिने बनू लागतात, आणि ती बनणे औषधाने रोखले तर वळणे थांबते. नेट्रिनच्या बाजूला बीटा-ॲक्टिन तयार होते, म्हणजे ज्या बाजूला बांधकाम करायचे त्याच बाजूला माल उतरतो. सेमाफोरिनने मात्र आरएचओचे उत्पादन वाढते आणि शंकू मिटतो. कोणता संदेश आला, त्यानुसार कोणता आरएनए वाचायचा हे जागेवरच ठरते. प्रत्येकच वळणाला नवी प्रथिने लागतात का, यावर मतभेद आहेत. काही परिस्थितींत त्यांच्याशिवायही वळण होते.

केंद्रकाचे काम वेगळ्या कालमापावर चालते. कोणते ग्राही उपलब्ध ठेवायचे, कोणते आरएनए टोकाकडे पाठवायचे, हे तेथे ठरते. म्हणजे शिदोरी केंद्रक बांधून देते आणि वाटेतली वळणे टोक घेते. उलट दिशेने टोकाकडून केंद्रकाकडेही निरोप जातात, आणि त्यांचे सर्वांत जुने उदाहरण चेतावृद्धी घटकाचे आहे, ज्यासाठी रिता लेवी-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना 1986चा नोबेल मिळाला. तंतू ज्या ऊतकात पोहोचतो ते ऊतक हा घटक अल्प प्रमाणात स्रवते. तो टोकावरच्या टीआरकेए ग्राहीला लागला की ग्राहीसह एक छोटी पिशवी पेशीत ओढली जाते, सूक्ष्मनलिकांवरून मागे पेशीदेहापर्यंत वाहून नेली जाते आणि तेथे 'जगायचे' असा कौल देते. ज्यांना हा घटक पुरेसा मिळत नाही, त्या पेशी मरतात. 1977मध्ये रॉबर्ट कँपेनॉट यांनी एकाच पेशीचे देह आणि तंतू वेगवेगळ्या कप्प्यांत वाढवले, तेव्हा आणखी एक बाब दिसली: तंतूच्या कप्प्यातून हा घटक काढला, की देहाच्या कप्प्यात तो भरपूर असूनही त्या कप्प्यातला तंतू टिकत नाही. वाढीची परवानगी त्या त्या जागीच मिळवावी लागते.

आता 86 अब्जांचा प्रश्न. रॉजर स्पेरी यांनी 1940च्या दशकात न्यूट आणि बेडूक यांच्या डोळ्याची चेता कापून डोळा खोबणीतच 180 अंशांत फिरवला. चेता पुन्हा वाढली, दृष्टी परत आली, पण उलटी: भक्ष्य वर दिसले की बेडूक खाली झेप घेई, आणि अनुभवाने यात सुधारणा झाली नाही. म्हणजे प्रत्येक तंतू आपल्या जुन्याच जागी परतला होता. 1963मध्ये त्यांनी यावरून रासायनिक ओळखीचा सिद्धांत मांडला आणि त्यात प्रत्येक पेशीला वेगळे लेबल न देता, एकमेकांना छेदणाऱ्या दोन प्रवणतांनी पत्ता ठरावा, अशी कल्पना सुचवली. अक्षांश आणि रेखांश या दोनच मोजमापांनी पृथ्वीवरची कोणतीही जागा सांगता येते, तसेच हे.

अशी प्रवणता असलेला रेणू सापडायला 1995 उजाडले. कोंबडी आणि उंदीर यांच्या मध्यमेंदूत, दृष्टिपटलाचे तंतू जेथे उतरतात तेथे, एफ्रिन-ए हे प्रथिन पुढून मागे वाढत जाते. दृष्टिपटलात त्याच्या ग्राहीचे प्रमाण नाकाकडून कानशिलाकडे वाढते. ज्या तंतूवर ग्राही जास्त, त्याला थोडे एफ्रिनही असह्य होते आणि तो पुढेच थांबतो. ज्यावर कमी, तो मागपर्यंत जातो. सूक्ष्मदर्शी यांना येथे एक प्रवणता सापडेल, आणि ती पाझरणारी नाही, पेशीपटलाला बांधलेली आहे. तिच्यातही निरपेक्ष प्रमाण ठरवत नाही. उंदरात दृष्टिपटलभर विखुरलेल्या काही पेशींत ग्राही वाढवले, तर त्यांचे तंतू जागा बदलतातच, पण ज्यांना हात लावला नाही अशा शेजाऱ्यांचेही तंतू सरकतात. पत्ता शेजाऱ्यांच्या तुलनेत ठरतो.

रेणूंनी मिळणारा हा नकाशा ढोबळच असतो. तंतू आधी गरजेपेक्षा लांब जातात, जास्त फांद्या काढतात, आणि नंतर चेतासंधींमधून वाहणाऱ्या विद्युत-क्रियेच्या आधारे नको त्या छाटल्या जातात. 20,000 जनुकांनी सगळे नेमके लिहून ठेवलेले नसते, हे आपल्या प्रश्नाचे माझे प्रामाणिक उत्तर आहे.

श्रीधर

सूक्ष्मदर्शी यांचा आक्षेप मला मान्य आहे, एका दुरुस्तीसह. 2017चे निष्कर्ष पश्चमस्तिष्कात स्पष्ट आहेत. मेरुरज्जूत मात्र त्यानंतरच्या कामात मध्यरेषेवरच्या नेट्रिनचाही वाटा दिसला आहे. तेथे आतल्या अस्तराचे आणि मध्यरेषेचे असे दोन्ही स्रोत काम करतात, आणि मध्यरेषेहून येणारे सॉनिक हेजहॉग हे दुसरे संदेश-प्रथिन त्यांना साथ देते. म्हणजे पाझरणारी प्रवणता मोडीत निघालेली नाही, तिचे साम्राज्य तेवढे आकसले आहे. मोकळ्या रेणूला धरून ओढणार कसे, या प्रश्नावर मात्र माझ्याकडे चांगले उत्तर नाही.

मेघना यांनी विचारले नाही, पण चक्रीय एएमपीविषयी लिहिताना एक गोष्ट राहून गेली. तंतूंभोवतीच्या मायलिन आवरणात एमएजी नावाचे प्रथिन असते. प्रौढ चेतापेशींच्या तंतूंची वाढ ते रोखते, आणि मेरुरज्जूला इजा झाल्यावर तंतू पुन्हा का वाढत नाहीत याच्या अनेक कारणांत त्याचे नाव येते. हेच एमएजी नवजात उंदराच्या चेतापेशींच्या वाढीला मदत करते. हा पालट जन्मानंतर काही दिवसांतच होतो, आणि 2001मध्ये असे दिसले की त्याच सुमारास या चेतापेशींतील चक्रीय एएमपीची पातळी झपाट्याने घसरते. प्रौढ पेशीत ती कृत्रिमरीत्या वाढवली, तर एमएजीवरही तंतू वाढतो.

अनघा

यात एक भर घालते, कारण रुग्णांचे नातेवाईक अशा चर्चा वाचतात. प्राण्यांत चक्रीय एएमपी वाढवून मेरुरज्जूतील तंतू काही अंतर वाढल्याचे प्रयोग आहेत, पण ते अंतर थोडे असते, वाढलेले सगळे तंतू योग्य जागी जुळत नाहीत, आणि एएमपी वाढवणारी औषधे हृदयासह इतर अनेक अवयवांवरही परिणाम करतात. शिवाय प्रौढ मेरुरज्जूत इजेच्या जागी जो व्रण तयार होतो, त्यातील काँड्रॉइटिन सल्फेटयुक्त प्रथिने हा एमएजीहून स्वतंत्र अडथळा आहे.